१/११ आणि ११/१, दोन्ही १११

“स्पेशल कॅरॅक्टर्स नॉट अलाउड.”

ऑनलाइन फॉर्म भरताना ही लाल ओळ तुम्ही बघितली असेलच. आपण पत्ता लिहितो. त्यात स्वल्पविराम असतो, तिरकी रेघ असते, एखादा डॅश असतो. फॉर्म म्हणतो, चालणार नाही. मग सायबरवाला पोरगा म्हणतो, “काका, काढून टाकतो, काही फरक पडत नाय.” आणि काढून टाकतो.

फरक पडतो. आज त्याबद्दलच लिहितोय. पोस्ट लांब आहे. दिव्याहून लोकलमध्ये बसायला जागा मिळत नाही हे माहीत आहे, उभ्याने वाचा.

आधी दिव्यातला पत्ता म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. इथे बऱ्याच भागात रस्त्याला नाव नाही, नाव असलं तर पाटी नाही. एकाच मालकाने एकाच नावाच्या दहा-बारा चाळी ओळीने बांधलेल्या असतात. मग पत्ता होतो चाळ नंबर, तिरकी रेघ, खोली नंबर. १/११ म्हणजे पहिल्या चाळीतली अकरावी खोली आणि ११/१ म्हणजे अकराव्या चाळीतली पहिली. पोस्टमनला कळतं, दूधवाल्याला कळतं, सिलिंडरवाल्याला कळतं. त्या एका रेघेवर सगळा पत्ता उभा आहे.

आमच्या ओळखीच्या एक ताई दातिवलीच्या बाजूला अशाच चाळीत राहतात. पहाटेच्या लोकलने कामावर जातात. मुलगी अकरावीला. तिच्यासाठी एका शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरला. खोली १/११. फॉर्मने रेघ घेतली नाही, भरणाऱ्याने रेघ काढली आणि झालं १११. पडताळणीला माणूस आला तो एकशे अकरा नंबरची खोली कुठे असं विचारत. चाळीत एकशे अकरा खोल्याच नाहीत. कोणीतरी अंदाजाने अकरावी चाळ, पहिली खोली दाखवली. तिथे या नावाचं कोणी राहत नाही. शेरा पडला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही.

ताईंना हे दीड महिन्याने कळलं. दोन वेळा अर्धा दिवस खाडा झाला, प्रतिज्ञापत्र करावं लागलं, आणि पहिल्या हप्त्याची फी भिशीतले पैसे आधी उचलून भरली. शेवटी नाव यादीत आलं. पण मला सांगा, यात ताईंची चूक काय? त्यांनी पत्ता बरोबर सांगितला होता. कॉम्प्युटरने तो घेतला नाही.

कॉम्प्युटर एका बारीक रेघेला एवढा का घाबरतो, हे समजायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. बातमीदार असलं तरी चालतं.

पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला अवतरणचिन्हं घोटून घेतली होती. पुढाऱ्याचं वाक्य कुठे सुरू झालं, कुठे संपलं आणि कुठून पुढे बातमीदार बोलतोय, हे त्या चिन्हांवरून कळतं. चिन्ह चुकीच्या जागी बंद झालं तर पुढाऱ्याचे शब्द वर्तमानपत्राचे होतात आणि मग वकिलाची नोटीस येते. डेटाबेसमध्येही तेच आहे. प्रोग्रॅम डेटाबेसला एक हुकूम देतो: नाव = 'अमुक' असलेली नोंद शोध. दोन्ही बाजूंच्या त्या बारीक टिकल्या म्हणजे कुंपण. कुंपणाच्या आतलं ते माणसाने भरलेलं नाव, बाहेरचा तो हुकूम. इंग्रजीत याला डिलिमिटर म्हणतात. आता नावातच ती टिकली असली तर? कॉम्प्युटरला वाटतं कुंपण इथेच संपलं. उरलेलं अर्धं नाव तो हुकूम समजून वाचायला जातो, अर्थ लागत नाही, आणि गाडी अडते.

हे मी आमच्याच साप्ताहिकाच्या ऑफिसात डोळ्यांनी बघितलंय. २००६ च्या आसपास छोट्या जाहिरातींची नोंद आम्ही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फॉर्ममध्ये ठेवायचो. ग्राहकाचं नाव टाइप करा, बटण दाबा, जुन्या जाहिराती आणि बाकी समोर. नावं मराठीत, कृतिदेव फॉन्टमध्ये. फॉर्म छान चालायचा. पण काही नावं घातली की इंग्रजीत सिंटॅक्स एरर, मिसिंग ऑपरेटर असं काहीतरी यायचं आणि शोध बंद. पाटील चालायचे. म्हात्रे, भोईर, मुंढे, सगळे चालायचे. शिंदे चालायचे नाहीत. शेलार नाही, शेख नाही, जोशी नाही, देशमुख नाही. आमची ऑपरेटर मुलगी म्हणायची, “सर, ह्याला श आवडत नाय.”

बरोबर बोलत होती ती. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत मराठी अक्षर ठेवतच नव्हता. आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं असायची, फक्त वर मराठी मुखवटा चढवलेला. त्यात अर्धा श बसवला होता नेमका ॲपॉस्ट्रॉफीच्या जागी, म्हणजे त्या एकेरी टिकलीवर. आणि अर्धा ष दुहेरी अवतरणचिन्हावर. आपल्या डोळ्याला शिंदे दिसायचं आणि डेटाबेसला मधे कुंपण तुटलेलं दिसायचं. एका फॉन्टमुळे आमच्या ऑफिसात आडनावात श असणाऱ्यांची उधारी शोधता येत नव्हती! उधारीवाल्यांना अर्थातच याबद्दल काही तक्रार नव्हती.

मग कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर आले. त्यांनी फॉर्मच्या आतली एक ओळ बदलली. भरलेल्या नावात टिकली आली की ती दोनदा लिहायची, एवढंच. लागोपाठ दोन टिकल्या दिसल्या की डेटाबेस समजतो, हे कुंपण नाही, हे नावातलंच चिन्ह आहे. चहा येईपर्यंत काम झालं. पुढे युनिकोड आला, श ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि मराठी नावांपुरता तो त्रास संपला.

पण लक्षात घ्या, सरांनी काय केलं नाही. जाहिरातदारांना त्यांनी सांगितलं नाही की आडनावातला श काढा.

आजचे फॉर्म नेमकं तेच सांगतात. विचारलं की उत्तर मिळतं, “सिक्युरिटीसाठी आहे.” या उत्तरात अर्धं सत्य आहे, म्हणून ते नीट तपासूया. कुंपण तोडून आत घुसता येतं हे खरं आहे. नावाच्या रकान्यात टिकली घालून पुढे “किंवा एक बरोबर एक” अशा अर्थाचं काही लिहिलं की कच्च्या प्रोग्रॅमला तो हुकूमच वाटतो. एक बरोबर एक हे कायम खरं, त्यामुळे डेटाबेस सगळ्यांच्याच नोंदी काढून देतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक नावाच्या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात हे छापून आलं, म्हणजे पाव शतकाहून जास्त झालं. ब्रिटनमध्ये टॉकटॉक या टेलिफोन कंपनीवर २०१५ मध्ये याच वाटेने हल्ला झाला, १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंड दंड केला. धोका खोटा नाही.

उपाय मात्र चुकीचा आहे. फॉर्मवर चिन्हं अडवून चोर अडत नाही, कारण चोर तुमच्या फॉर्मच्या खिडकीतून येत नाही. तो थेट सर्व्हरला काय पाठवायचं ते पाठवतो. अडतो तो फक्त प्रामाणिकपणे पत्ता लिहिणारा.

खरा उपाय टिकली दुप्पट करण्यापेक्षाही सोपा आहे आणि आज जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत तयार मिळतो. हुकूम वेगळा पाठवायचा आणि माणसाने भरलेला मजकूर वेगळा. पोस्टाचं पाकीट घ्या. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतलं पत्र वाचत नाही. पत्रात तुम्ही स्वल्पविराम द्या, शिव्या द्या, “हे पत्र विहिरीत टाका” असं लिहा, पत्र विहिरीत जात नाही. तशीच डेटाबेसला दोन पाकिटं द्यायची. दुसऱ्या पाकिटातलं काहीही झालं तरी हुकूम म्हणून वाचायचं नाही. मग श असो, टिकली असो, रेघ असो, सगळं जसंच्या तसं आत जातं आणि तसंच बाहेर येतं. याला जास्तीचा पैसा लागत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काम नीट माहीत असावं लागतं आणि काम घेणाऱ्याने ते तपासावं लागतं.

पिनकोडच्या रकान्यात सहा आकडेच हवेत, मोबाइलला दहाच, हे मला मान्य आहे. तिथे अडवा की. पण पत्ता आणि नाव या माणसाच्या गोष्टी आहेत.

आता रेघ काढल्याने किती मोठं नुकसान होऊ शकतं ते जमिनीच्या बाबतीत बघा. बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन आपल्या म्हातार्डीजवळ येतंय. या पट्ट्यात भूसंपादन, मोबदला, वारसनोंद हे शब्द घराघरात माहीत झालेत. सर्व्हे नंबरात रेघ असते आणि ती हिस्सा सांगते. पंचेचाळीस बटा दोन म्हणजे ४५ नंबरचा दुसरा हिस्सा. चार बटा बावन्न म्हणजे भलतीच जमीन. रेघ काढा, दोन्ही ४५२. भावाभावांत आधीच काय कमी भांडणं आहेत!

बरं, रेघ काढली नाही तरी एक्सेल बसलेलं आहेच. एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात ७/१२ लिहून एंटर मारा. सातबारा राहत नाही, ७ डिसेंबर होतो. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै. एक्सेलला रेघ दिसली की तारीख वाटते, आणि आत तो एक भलताच आकडा ठेवून देतो, तुम्ही लिहिलेलं ७/१२ गेलेलं असतं. हिस्सा नंबरांची यादी अशी एकदा पेस्ट केली की अर्धं गाव कॅलेंडर होतं. हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीतली मार्च-१, सेप्ट-१ अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकायचा. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली. जनुकं बिचारी बोलत नाहीत, त्यांची नावं बदलता आली. सातबाऱ्याचं नाव कोण बदलणार?

गंमत अशी की एक्सेलमध्ये ७/१२ तसंच ठेवायचं असेल तर आकड्याच्या आधी एक एकेरी टिकली द्यायची. तीच, जिच्यामुळे आमच्या ऑफिसातले शिंदे अडायचे.

स्वल्पविरामाचंही तसंच. एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याला जाते ती बऱ्याचदा सीएसव्ही फाइलमध्ये. त्यात प्रत्येक रकाना स्वल्पविरामाने वेगळा केलेला असतो. दिव्याच्या एका पत्त्यात चार-पाच स्वल्पविराम सहज असतात. फाइल नीट लिहिली नसेल तर एका पत्त्याचे पाच रकाने होतात, सगळं सरकतं, आणि मोबाइल नंबरच्या जागी “तलावाजवळ” येऊन बसतं. याचाही नियम २००५ मध्ये लिहून ठेवलेला आहे. स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा, आत अवतरण असेल तर ते दोनदा लिहा. आमच्या सरांनी चहाच्या वेळात केलं तेच.

नावांकडे या. दिव्याहून वसईला गाडी जाते. तिकडच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्वा अशी आडनावं आहेत. इंग्रजीत लिहिताना मधे टिकली. देवनागरीत आपण ती सोडून देतो, डिसोझा लिहितो. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचंही आडनाव इंग्रजीत टिकली घेऊन येतं आणि मराठीत टिकलीशिवाय. माणसाला दोन्ही एकच. कॉम्प्युटरला नाही. एका कागदावर टिकलीसकट, दुसऱ्यावर टिकलीच्या जागी मोकळी जागा, तिसऱ्यावर सलग. तीन कागद, तीन माणसं. मग “वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे” असं प्रतिज्ञापत्र करा. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक ओळ वाचवली आणि त्याची किंमत एका बाईने नोटरीला दिली.

आणि मोकळी जागा म्हणजे काही नाही असं समजू नका. तीही कुंपणच आहे. कितीतरी प्रोग्रॅम पूर्ण नाव घेतात आणि मोकळ्या जागेवर तोडतात. पहिला शब्द नाव, दुसरा वडिलांचं, तिसरा आडनाव. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम राज्य सरकारने सक्तीचा केला. निर्णय चांगला आहे, मला मनापासून आवडला. पण जो प्रोग्रॅम तीनच शब्द धरून बसलाय, तो या मुलांच्या आईचं नाव वडिलांच्या रकान्यात आणि वडिलांचं आडनावाच्या रकान्यात टाकणार. ही मुलं पहिलीच्या प्रवेशाला येतील तेव्हा हे दुरुस्त करत बसायचं, की आत्ताच?

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच मिळाली पाहिजे, ठरलेल्या मुदतीत काम झालं पाहिजे, आणि नाकारलं तर कारण लेखी दिलं पाहिजे. त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग. कायदा बरा आहे, मी लोकांना वापरायला सांगतो. पण तुमच्या नावातल्या टिकलीमुळे स्क्रीनवर लाल ओळ आली, तर तो नकार आहे का? नाही. अर्ज आत गेलाच नाही. पोच नाही, क्रमांक नाही, तारीख नाही, सहीचा अधिकारी नाही. अपील कशावर करणार? खिडकीवरचा कारकून तोंडावर नाही म्हणाला तर निदान साहेबाकडे जाता येतं. लाल ओळीला साहेब नसतो.

म्हणून मग माणूस वाकतो. पत्ता वाकवतो, नाव वाकवतो, फॉर्मच्या मापात बसवतो आणि सबमिट दाबतो. पुढे काही बिघडलं की तेच कार्यालय विचारतं, “तुम्हीच भरलं ना असं?”

२०२७ ची जनगणना डिजिटल होणार आहे, त्यात नागरिकांना स्वतः माहिती भरायची सोय आहे. तिथले पत्त्याचे रकाने चाळीतल्या माणसाला समोर ठेवून बनवले असतील अशी आशा करतो.

आपल्या हातात काय आहे? मी महापालिकेच्या दिवा प्रभाग समितीत एक साधा अर्ज देतोय, त्याची प्रत मुख्यालयात. मागणी एवढीच की यापुढे नागरिकांसाठी कुठलाही ऑनलाइन फॉर्म ठेकेदाराकडून ताब्यात घेताना अधिकाऱ्यांसमोर दहा खऱ्या धाटणीच्या नोंदी भरून दाखवायच्या. १/११ आणि ११/१ वेगळे राहतात का. पंचेचाळीस बटा दोन छापील पावतीवर तसंच येतं का. डि'सोझा आत जाऊन टिकलीसकट बाहेर येतो का. चार शब्दांचं नाव चार शब्दांचंच राहतं का. पाच स्वल्पविरामांचा पत्ता दुसऱ्या खात्याला पाठवल्यावर एकाच रकान्यात बसतो का. आणि मजकूर खरंच नाकारायचा असेल तर नाकारल्याची क्रमांकासह नोंद आणि कोणाकडे दाद मागायची ते स्क्रीनवर मराठीत. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. निविदेत एक कलम वाढेल, खर्च वाढणार नाही.

तुमचं नाव किंवा पत्ता असा अडला असेल तर फॉर्म कुठला, रकाना कुठला, तुम्ही काय लिहिलं आणि शेवटी काय लिहावं लागलं, एवढं कळवा. दुकानाच्या नावात टिकली असलेले, बिल्डिंगच्या नावात डॅश असलेले, सगळे चालतील. स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. कमेंटमध्ये टाकू नका, मेसेंजरवर पाठवा, आणि आधार नंबर, मोबाइल नंबर झाकून पाठवा. रविवारी रात्रीपर्यंत जे येईल ते अर्जाला जोडतो. सोमवारी अकराला कार्यालयात असेन, कोणाला सोबत यायचं असेल तर या.